दातवणाच्या डबीतलं मीठ

माय, मी सांगितलेलं पहिलं वाक्य सुनेनं लिहिलंच नाही. टाक हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आत्याबाई, मेलेल्या माणसाले असं बोलू नाही." मी म्हटलं, जित्या माणसाला बोलता आलं असतं तर मेल्यावर कशाला बोलले असते? तरी तिनं काही लिहिलं नाही. तेव्हा ते वाक्य राहिलं. मला तुला काय म्हणायचं होतं ते तू ओळखशील. माझ्या तोंडात काय काय कुजून पडलं आहे, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

ही लिहिणारी माझी धाकटी सून. चिखलीच्या मुलींच्या शाळेत चौथी पास झालेली. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते, म्हणून या कागदावर मी जराशी साहेबीण वाटेन, तिकडे लक्ष देऊ नको. बोलते मी अजून नाकातूनच. तिच्या मांडीवर तुझी पणती आहे, वर्षाची व्हायला आली. वरचा ओठ डावीकडून नाकपुडीपर्यंत फाटलेला, त्याच्या आत हिरडीला खाच, आणि खाचेतून टाळूपर्यंत वाट. हुबेहूब मी. माझ्या पोटच्या एकाही पोराला हे आलं नाही, म्हणून मी गाफील होते. एक पिढी हे कुठं लपून बसलं होतं कोण जाणे, आता नातीच्या तोंडातून डोकावलं. माझ्या लेकानं तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखवली. डॉक्टर म्हणाला, घाबरायचं काम नाही, नागपूरला ओठ शिवून देतात, उन्हाळा सरला की न्या. पण तोवर तोंड रोज साफ ठेवा, हिरडी सुजली, पू झाला, तर टाका धरायचा नाही. झालं. आणि दुसऱ्याच आठवड्यात धाडहून सुनेची माय आली, पोरीचं तोंड पाहून तिनं कपाळावर हात मारला आणि लेकीला बजावून गेली, "त्या फाटीले बोट नको लावू बाई, फाट वाढते." तेव्हापासून सून पोरीची फक्त हनुवटी पुसते. नुकते दोन दात वर आलेत, त्यातला एक त्या खाचेच्या काठावर वाकडा. दूध, भाताची शितं, सगळं तिथं जाऊन बसतं आणि तिथंच आंबतं. सासूचं कोण ऐकतं? मायचं ऐकतात. मीही ऐकलं होतं. म्हणून म्हटलं, कागद आण, मला माझ्या मायला पत्र लिहायचं आहे. हे मी तुला सांगते आहे माय, दुसऱ्या कोणाला नाही. लिहिणारीनं नुसतं लिहायचं.

माझ्या लहानपणची साखरखेर्ड्याची सकाळ आहे. गल्लीतल्या पोरी विहिरीजवळच्या धोंड्यावर रांगेनं बसल्या आहेत, तोंडात कडुनिंबाच्या काड्या, आणि कोणाची थुंकी लांब जाते याची पैज लागली आहे. मी तुझ्या मागं मागं चालले आहे, गुरांच्या कोठ्यामागं. तिथं शेणाच्या ढिगाजवळ तू माझ्या तळहातावर चिमूटभर राख ठेवतेस आणि म्हणतेस, "उजवीकडूनच घास. फाटीकडं जाऊ नको. काडी लागली का फाट वाढंल. नाकापरेंत गेलीच हाय, मंग डोळ्यापरेंत जाईन." मी लहान होते, मला ते दिसायचं. कापड फाडताना टर्रकन आवाज येतो तसा आवाज करून माझं तोंड कपाळापर्यंत उघडलं आहे आणि डोळा दोन्हीकडे अर्धा अर्धा लोंबतो आहे. मी डाव्या बाजूला शिवले नाही. जिभेनंसुद्धा नाही. तिथला एक दात रुसलेल्या पाव्हण्यासारखा भिंतीकडे तोंड करून उगवला, त्याच्या मागं भाकरीचा कण, अंबाडीचा धागा, तुरीचं साल, जे गेलं ते मुक्कामाला राहिलं. हिरडी जांभळासारखी फुगली. भाकर चावली की भाकरीला रक्त लागायचं. पोरी म्हणायच्या, "हिच्याजोळ बसू नका वं, वास येते." मी रडत तुझ्याकडे आले तर तू मला चघळायला लवंग दिलीस. घरात उंदीर मेला तर तू काय दारात ऊद जाळून बसायचीस? मेलेला उंदीर शोधून काढायचीस. माझ्या तोंडातला तेवढा शोधला नाहीस.

तुला लोकांनी छळलं, हे मला माहीत आहे. पोटुशी असताना गिऱ्हाणात, ग्रहण लागलेलं असताना, विळी धरली म्हणून पोर फाटकी झाली, असं तुझ्या सासूनं विहिरीवर सांगितलं, दळताना सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायांना सांगितलं. तू त्या दिवशी विळी धरली होतीस की नव्हतीस, मला ठाऊक नाही. धरली असशील तरी भाजी चिरायलाच धरली असशील. पण माय, बोलणी तू खाल्लीस आणि तोंड बांधलंस माझं, हा कुठला न्याय? मला स्थळं यायची वेळ आली तेव्हा तू एक गोष्ट रचलीस. पोरगी लहानपणी जात्यावर पडली, ओठ फाटला, बाकी काही नाही. जन्माचं नाही म्हणजे गिऱ्हाणाचं नाही, म्हणजे पोराबाळांत उतरायचं नाही. अमडापूरच्या बिजवराकडचे लोक आले, ओठ पाहिला, जात्याची गोष्ट ऐकली, आणि हो म्हणाले. त्यांची पहिली सून वारली होती, घरात भाकर टाकायला कोणी नव्हतं. जात्यावर पडलेली असो की जात्याखालून निघालेली, त्यांना चालणार होती. पण हे तुला कळलं नाही. तुला एकच धास्ती, की कोणी माझ्या तोंडात डोकावलं तर खाच दिसेल, टाळू दिसेल, आणि जात्याची गोष्ट तिथंच पिठासारखी उडून जाईल.

मग तू ते केलंस, जे तुझ्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. तेव्हा लग्न झालेल्या बायका दात काळे करायच्या. हिरडा, हिराकस असं काय काय कुटून काळी पूड करायची आणि दातांना लावायची, त्याला दातवण म्हणायचे. सून म्हणते, आता कोणी लावत नाही, म्हणून लिहून ठेवू. पांढरे दात कुमारिकेचे नाहीतर कुत्र्याचे, असं तूच म्हणायचीस. माझी पाठवणी होती त्या दिवशी तू मला चुलीपुढं बसवलंस, मधमाशीचं मेण ऊबेला धरून मऊ केलंस, त्यात दातवण कालवलंस, गोळी केलीस आणि अंगठ्यानं माझ्या हिरडीच्या खाचेत दाबून बसवलीस. काळ्या दातांच्या रांगेत काळी गोळी. फट नाहीशी झाली. भिंत सारवून झाल्यावर तू जशी दोन पावलं मागं सरून पाहायचीस, तसंच पाहिलंस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून तुझा चेहरा उजळला. मग तू मला पितळेची डबी दिलीस, झाकणावर मोर होता, आत दातवण आणि मेणाचा खडा. "रोज उठल्याबरोबर बसवजो, कोणी उठाच्या आंधी. जुनी निंघाली नाही तर तिच्यावरच थापजो. तोंड मिटून नांद. आत पाह्यलं तर वळखतीन जन्माचं हाय, अन् आणून घालतीन माह्या दारात. मंग मी कुठं नेऊ तुले?" लेकीला लोक पैंजण देतात, पाटल्या देतात. तू मला माझं तोंड बुजवायचा चुना-गारा दिलास.

मी तुझी आज्ञाधारक. थापेवर थाप दिली. गोळी हिरडीला घट्ट धरून बसली, आणि तिच्या मागं जे अडकलं ते बाहेर यायची वाट बंद झाली. नवरा माझ्याकडे पाठ करून निजायचा. वाईट माणूस नव्हता, बोलला काही नाही, नुसती पाठ. पेरणीचे दिवस आले आणि माझा गाल असा सुजला की डावा डोळा मिटला. अंगात ताप, तरी मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. माझी सासू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तोंडाला गावातली कुत्री भ्यायची. म्हणाली, "आ कर." मी मान हलवली. "आ कर म्हणते न, का सांडशी आणू?" मी तोंड उघडलं आणि डोळे मिटले. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवायची माझी छाती नव्हती. तिनं मला दारातल्या उजेडात ओढलं, कमरेच्या जुडग्यातलं दातकोरणं काढलं आणि ती गोळी उकरली. गोळी तिच्या तळव्यावर पडली, तिच्यामागून पू आला, आणि जो वास सुटला, त्यानं कोठ्यातली म्हैससुद्धा मागं सरली असेल.

"अवं माय! पोट्टीच्या तोंडात उकिरडा पुरला हिच्या मायनं!" मग तिनं नीट आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "जात्यावर पडली म्हणे. जातं का टाळूत शिरलं व्हय वं? हे त जन्माचं हाय." मी तिचे पाय धरले. म्हटलं, मला परत नका पाठवू. ती म्हणाली, "परत पाठवाले बैल कुठं रिकामे हायत? पेरणी चालू हाय. ऊठ, मीठ आण."

एवढंच, माय. ज्या एका गोष्टीच्या भीतीनं तू मला सडवलंस, ती गोष्ट तिच्या लेखी बैलांच्या कामापेक्षा मोठी नव्हती.

त्याच दिवशी तिनं तुझ्या डबीतलं दातवण शेणात फेकलं आणि डबी घासून तिच्यात मीठ भरलं. रोज सकाळी आणि प्रत्येक जेवणानंतर मिठाच्या पाण्यानं चुळा. इथं सून विचारते, "पाणी कोमट का गरम?" मी म्हटलं, मेलेल्या बाईला काय करायचं आहे पाणी कोमट का गरम? ती म्हणते, "लिहाचं त अर्धवट नाही लिहाव." बरं, लिही. कोमट. मनगटावर थेंब टाकला तर चटका बसू नये असं. मोठ्या माणसाला चिमूटभर मीठ, लेकराला मीठ नको, नुसतं उकळून निवलेलं पाणी. जुन्या धोतराचं फडकं घ्यायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, ते पाण्यात उकळून उन्हात वाळवायचं. बोटाला गुंडाळायचं, नख आधी कापायचं. फडकं ओलं पाहिजे, टपकणारं नको. पोरीचं डोकं मांडीवर जरा उंच ठेवायचं, म्हणजे पाणी घशात उतरत नाही. मग खाचेच्या काठाकाठानं, आतून बाहेर, हलक्या हातानं. आणि तो वाकडा दात मागच्या अंगानंसुद्धा पुसायचा, घाण तिथंच दडते. मी माझ्या सासूचं सांगत होते आणि त्यात पोरगी कुठून आली, हे सुनेनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

फाट वाढली का? नाही वाढली. आज इतकी वर्षं मी त्या खाचेत फडकं फिरवते आहे, ती होती तेवढीच आहे, माझाच बाकीचा चेहरा तिच्याभोवती आटला. पहिल्यांदा रक्त आलं, पुष्कळ आलं. मी घाबरून बोट काढलं तर सासूनं हातावर चापट मारली. "रगत येते म्हून सोडाचं नाही वं. घाण हाय म्हून रगत येते. घाण गेली का रगत बंद." तसंच झालं. पाऊस लागून राहिला तोवर सूज उतरली, हिरडी गुलाबी झाली, भाकरीला रक्त लागायचं थांबलं. तो भिंतीकडे तोंड केलेला दात मात्र हलला होता, तो पडला. तो तू खाल्लास असं मी धरते. आणि नवऱ्यानं पाठ फिरवायची सोडली. सून हे लिहिताना लाजते आहे. लाजू दे, तिच्या नवऱ्याचा जन्म त्यातूनच झाला.

सासूनं मला कोठ्यामागं पाठवलं नाही. विहिरीवरच बसवलं, सगळ्या बायांत. त्यांनी चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी त्यांना कंटाळा आला. मग मी त्यांच्यातलीच एक, बोटाला फडकं बांधून तोंड घासणारी. आणि अशाच एका सकाळी तू आलीस. तुझ्या भाचीचं लग्न होतं आमच्या गावात, तू वऱ्हाडाबरोबर आली होतीस, पाण्याला म्हणून विहिरीवर आलीस. मी चूळ भरली होती आणि शेजारीण काहीतरी चावट बोलली, मला हसू आलं, पाणी तोंडातून आणि नाकातून एकदमच निघालं. ती ओरडली, "पाहा वं पाहा, हिची इहीर दोन्हीकून वाहते!" सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जास्त हसले, तोंड उघडून, पहिल्यांदा. आणि मधेच तुझी थापड आली.

"लाज इकली काय वं? इतक्या वर्साचं झाकलेलं चव्हाट्यावर मांडलं!" आणि तू तुझा पदर माझ्या तोंडावर दाबलास. माझी सासू तिकडून म्हणाली, "इहीनबाई, पोरगी तोंड धुऊन राह्यली, चोरी नाही करून राह्यली. या, तुमीबी भरा चूळ." आमच्या दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये ही चाल तुला त्या दिवशी बरी सापडली.

थापडेचा राग नाही मला. थापडा मी तुझ्या पुष्कळ खाल्ल्या. राग पदराचा आहे. तोवर माझ्या तोंडाकडे त्या विहिरीवर कोणी पाहत नव्हतं. तू झाकलंस, आणि सगळ्यांनी पाहिलं. हसायच्या थांबल्या. पुढं कित्येक दिवस मी तिथं चूळ भरायला बसले की बायका दुसरीकडे पाहायच्या, आणि ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

मग मानमोडीचा ताप आला, घराघरातून माणसं गेली, त्यात तू गेलीस. मला निरोप पोचला तेव्हा तुझा दहावा होऊन गेला होता. मी रडले की नाही, ते तुला सांगायचं काम नाही. मावशी आली होती पुढं मला भेटायला, तिनं एक गोष्ट सांगितली, आणि ती मी या पत्रात लिहिणार नव्हते. मी जन्मले तेव्हा मला दूध ओढता येत नव्हतं. तोंडात गेलं की नाकातून यायचं. सगळे म्हणाले, नाही जगत ही, राहू दे. तू कापसाची वात करून दुधात बुडवायचीस, टाळूच्या खाचेवर बोट धरायचीस, आणि थेंब थेंब घशात सोडायचीस. कोणाच्या हातात मला द्यायची नाहीस. शेतात गेलीस तरी वात आणि वाटी कमरेला. महिनोन्महिने. मावशी म्हणाली, "तुह्या मायचं बोट तुह्या तोंडातच राहे." सून लिहायची थांबली आहे. डोळे पुसते आहे. तिनंही या पोरीला असंच वाटीनं आणि वातीनं जगवलं आहे, तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मला याचा तर जास्त राग येतो, माय. तुला हात लावता येत होता. तेव्हा फाट वाढायची भीती नव्हती वाटत? मला दात आले, मी बोलायला लागले, लोक पाहायला लागले, आणि तुझं बोट माझ्या तोंडातून निघालं ते निघालं. पुन्हा गेलं ते मेणाची गोळी घेऊन.

पत्र इथं राहिलं होतं. आज पुन्हा बसलो आहोत. मधे काय झालं ते सांगते. परवापासून सून सकाळी अंगणात बसते, पोरगी मांडीवर, बोटाला फडकं, बाजूला वाटीत पाणी. पोरगी किंचाळते, हात झटकते, मग त्या बोटालाच चावते. आज फडक्याला थोडं रक्त लागलं, सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं, तिनं पुन्हा पुसायला घेतलं. म्हटलं, पोचलं पत्र. तेवढ्यात फाटकातून तिची माय आत आली, धाडहून आलेली, बरोबर दोघी-तिघी ओळखीच्या बाया. पोरीचं तोंड असं वासलेलं, खाच उघडी, दातावर उजेड. आणि मी, माय, मी ओट्यावरून उतरले आणि माझा पदर पोरीच्या तोंडावर टाकला.

सगळ्या पदराकडेच पाहायला लागल्या. सुनेनं एका हातानं पदर बाजूला केला, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आत्याबाई, पोरगी तोंड धुऊन राह्यली, चोरी नाही करून राह्यली." आणि स्वतःच्या मायला म्हणाली, "बस माय. पाह्य, फाट कुठं वाढली ते दाखव मले."

आता सून विचारते, हा कागद पाठवायचा कुठं. मी म्हटलं, राहू दे. तिला वाचता येत नव्हतं, मला येत नाही, जिला येतं तिचं वाचून झालं. मिठाच्या डबीखाली ठेव. ती म्हणते, हे पदराचं खोडून टाकू का? नको. उलट त्याच्याखाली एवढं लिही: पदर कधी हातात आला, मला कळलं नाही, माय. त्या दिवशी विहिरीवर तुलाही कळलं नसेल. पण थापड मारलीस, ती कळूनच मारलीस.